नंबरचा चष्मा आणि मोटरसायकल: डोळ्याला नक्की काय घालावं?

प्रश्न असा आलाय. मुरूडहून लातूरला रोज मोटरसायकलवर नोकरीला जाणं, जाऊन-येऊन साठेक किलोमीटर, वय बत्तीस, नंबर उजव्या डोळ्याला मायनस ४.५० आणि डाव्याला मायनस ३.७५, दोन्हीकडे सिलिंडर, म्हणजे एका ठरावीक दिशेतला जास्तीचा नंबर, १.२५. सकाळी जाताना ऊन तोंडावर, संध्याकाळी येताना परत तोंडावरच, धूळ, उसाच्या ट्रॉल्या, पावसाळ्यात किडे, तोंडाला स्कार्फ, आणि चष्मा असूनही डोळ्यात कचरा जातोच. चष्म्यावरून घालायचा गॉगल घेऊ, का नंबरचाच काळा गॉगल बनवून घेऊ, का कॉन्टॅक्ट लेन्स लावू, आणि कोणत्या कंपनीचं चांगलं?

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, बावीस वर्षं लातुरात नंबर काढायचं आणि चष्मे बनवायचं काम करतोय, त्याआधी चार वर्षं डोळ्याच्या दवाखान्यात होतो, आणि मला स्वतःला मायनस पाच आहे आणि मी पण रोज गाडीवरच असतो, त्यामुळं हे उत्तर जरा लांबेल, पण पूर्ण वाचा.

कंपनीचं शेवटी बघू. आधी मला सांगा, तुमच्या आत्ताच्या चष्म्यात काच कशाची आहे? बहुतेकांना माहीत नसतं. दुकानात फ्रेम निवडायला आपण अर्धा तास आरशासमोर उभे राहतो, घरच्यांना फोटो पाठवतो, आणि काचेचं आलं की "ब्लू कट टाका" म्हणून मोकळे होतो. गाडी चालवणाऱ्याच्या डोळ्याला वाचवणारी गोष्ट फ्रेम नाही, ब्लू कट तर अजिबात नाही, ती काच कुठल्या मटेरियलची आहे ही गोष्ट आहे.

आपल्याकडं दुकानात सर्रास जी काच बसते ती १.५६ इंडेक्सची प्लॅस्टिक काच (इंडेक्सचा आकडा जितका मोठा तितकी काच पातळ). पातळ असते, स्वस्त पडते, हिरवट-निळं कोटिंग चमकतं, लोक खूश. पण ती ठिसूळ असते. रिमलेस, म्हणजे बिनकडेच्या, फ्रेमसाठी भोक पाडताना ती तडकते हे आमच्या धंद्यातल्या कुठल्याही फिटरला विचारा. जुनी साधी प्लॅस्टिक काच, सीआर-३९ म्हणतात ती, दिसायला एकदम स्वच्छ, पण जोरात मार बसला तर तिचेही धारदार तुकडे होतात. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या चष्म्यात अजून खरी काच असते, उन्हात काळी होणारी, जड, ती लावून तर गाडी चालवूच नये, कारण ती फुटली की तुकडे सरळ डोळ्यात.

गाडीसाठी काच दोनच, पॉलीकार्बोनेट किंवा ट्रायव्हेक्स. पॉलीकार्बोनेट म्हणजे हेल्मेटचा व्हायझर ज्याचा असतो तेच मटेरियल. मार बसला तर ते दबतं, खड्डा पडतो, पण सहसा फुटून डोळ्यात जात नाही. माझ्या ड्रॉवरमध्ये एक काच ठेवलेली आहे, एका गिऱ्हाइकाची, डांबरीकरण चालू असताना पुढच्या टिपरच्या चाकाखालून खडी उडाली आणि व्हायझर वर केलेला होता. काचेच्या खालच्या अंगाला ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा खड्डा आहे आणि त्याच्या भोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा कोटिंगमध्ये गेलेल्या आहेत, बोट फिरवलं की लागतात, पण काच अख्खी आहे. त्या माणसाच्या गालावर फ्रेमचा वळ उठला होता, डोळ्याला काही झालं नव्हतं. मी ती काच प्रत्येक गाडीवाल्याच्या हातात देतो.

हिशोब करून बघा, तुम्ही साठच्या स्पीडने जाताय आणि समोरून येणाऱ्या टिपरवरून खडी पडली, तो पण साठने येतोय, तर खडी तुमच्यावर १२० किलोमीटरच्या वेगाने येते, म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. युरोपच्या ईएन १६६ या स्टँडर्डमध्ये सेफ्टी चष्म्याच्या ज्या काचेवर एफ अक्षर असतं ती ६ मिलीमीटरची स्टीलची गोळी सेकंदाला ४५ मीटर वेगाने मारून टेस्ट केलेली असते, बी असेल तर १२० मीटरने. अमेरिकन स्टँडर्डमध्ये झेड ८७ च्या पुढं प्लसचं चिन्ह असतं, तिथं पण सव्वासहा मिलीमीटरच्या गोळीचा वेग चष्म्यासाठी सेकंदाला ४५ मीटरच्या आसपासच. पॉलीकार्बोनेट यात पास होतं. साधी काच होत नाही. एक गोष्ट मात्र इथंच सांगतो, नेहमीच्या शोच्या फ्रेममध्ये पॉलीकार्बोनेट काच बसवली म्हणजे तो सर्टिफाइड सेफ्टी चष्मा झाला असं नाही, कारण टेस्ट काच आणि फ्रेम दोन्हीची मिळून असते, काच न फुटता फ्रेममधून निखळून आत येऊ शकते. म्हणून काचेच्या पुढं हेल्मेटचा व्हायझर लागतोच, त्याकडं येतोच आहे.

पॉलीकार्बोनेटचा इंडेक्स १.५९, त्यामुळं तुमच्या मायनस साडेचारला ती १.५६ पेक्षा जाड होणार नाही, उलट थोडी पातळच. तोटा काय, तर कडेनं बघितलं की काही जणांना पांढऱ्या वस्तूभोवती निळी-पिवळी झालर दिसते, पहिले चार-पाच दिवस, मग डोळा विसरतो. ज्यांना ती सहनच होत नाही त्यांना ट्रायव्हेक्स द्यायचं, नजर जास्त साफ, ताकद तशीच, फक्त इंडेक्स १.५३ असल्यामुळं तुमच्या नंबरला कड जरा जाड दिसेल आणि पैसे जास्त. मायनस सात-आठच्या पुढं नंबर असेल तर मग १.६० किंवा १.६७ चा विचार करावा लागतो, पण तुमची ती गोष्ट नाही. तुम्हाला पॉलीकार्बोनेट.

आता दुकानदार "हो हो, पॉलीच आहे" म्हणाला तर ओळखणार कसं? काच वाजवून वगैरे खात्री होत नाही. काच ज्या पाकिटातून येते ते पाकीट मागा. प्रत्येक काच वेगळ्या कागदी पाकिटात येते, त्यावर मटेरियल, इंडेक्स आणि नंबर छापलेला असतो. पॉली लिहिलेलं आणि १.५९ दिसलं तर ठीक. स्टॉकमधली काच असेल तर पाकीट दुकानातच असतं, ऑर्डर देऊन मागवली तर चष्म्यासोबत येतं. मागायला लाजू नका, चांगला दुकानदार स्वतः देतो.

कोटिंगचं थोडक्यात. अँटी-रिफ्लेक्शन कोटिंग घ्याच, रात्री गाडी चालवणाऱ्याला ती चैन नाही, कारण बिनकोटिंगच्या पॉली काचेच्या दोन्ही बाजूंनी मिळून जवळजवळ दहा टक्के प्रकाश परत जातो, आणि मागून येणाऱ्या गाडीची लाइट काचेच्या आतल्या बाजूवर आपटून तुमच्या डोळ्यात येते ती वेगळीच. पॉली मऊ असतं, लवकर ओरखडे पडतात, म्हणून हार्ड कोट पण पाहिजे. यूव्हीसाठी वेगळे पैसे द्यायची गरज नाही, पॉलीकार्बोनेट मुळातच यूव्ही जवळजवळ सगळं अडवतं.

आता हेल्मेट, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथंच आहे. नंबरवाल्या माणसाचा सगळ्यात चांगला गॉगल म्हणजे फुल फेस हेल्मेटचा स्वच्छ, खाली केलेला व्हायझर. चष्मा नजरेसाठी, व्हायझर मारासाठी. आपल्याकडं काय होतं, हेल्मेट असतं पण व्हायझर कायम वर, कारण त्यावर इतके ओरखडे असतात की त्यातून दिसतच नाही. मग धूळ, किडे, पाचट सगळं सरळ चष्म्यावर आणि चष्म्याच्या बाजूच्या फटीतून डोळ्यात. चष्मा समोरून वाचवतो, बाजूनं नाही, आणि गाडीवर वारा चष्म्याच्या मागं भोवरा घालतो, त्यामुळं बारीक कचरा उलट आत ओढला जातो. तुम्ही म्हणता ना की चष्मा असूनही डोळ्यात जातं, ते यामुळंच.

१ जून २०२१ पासून देशात आयएसआय मार्कशिवायची हेल्मेटं विकायला बंदी आहे, मार्कजवळ आयएस ४१५१ लिहिलेलं असतं, ते बघून घ्या, रस्त्याच्या कडेला टांगलेलं घेऊ नका. आणि चष्मेवाल्यांसाठी हेल्मेट निवडताना दोन गोष्टी बघायच्या. एक, कानाच्या वर आतल्या फोममध्ये काडी जायला जागा आहे का. काही हेल्मेटमध्ये त्यासाठी मुद्दाम खाच दिलेली असते. दोन, हनुवटीचा भाग वर उचलणारं हेल्मेट घेतलं तर चष्मा न काढता घालता-काढता येतं, रोज चार-चार वेळा काढघाल करणाऱ्याला त्याचा लई फरक पडतो. जड असतं थोडं.

खरेदीला जाताना चष्मा लावून जा आणि हेल्मेट घालून दुकानातच दहा मिनिटं बसा. पाच मिनिटात कळत नाही. दहाव्या मिनिटाला कानाच्या वर, काडीच्या रेषेत ठणकायला लागलं तर ते हेल्मेट तुमच्या चष्म्याला चालत नाही, कितीही आवडलेलं असो. कारण दुखायला लागलं की माणूस अर्ध्या रस्त्यात एकतर हेल्मेट काढतो नाहीतर चष्मा, दोन्ही वाईट.

घालायची पद्धत: चष्मा काढा, हेल्मेट घाला, पट्टा लावा, मग चष्मा समोरून दोन्ही काड्या सरळ धरून आत सरकवा. चष्मा लावून वरून हेल्मेट दाबलं की काड्या फाकतात, महिन्या-दोन महिन्यात फ्रेम वाकडी होते. आणि तुमच्यासारख्या सिलिंडरवाल्याला वाकडी फ्रेम म्हणजे चुकीचा नंबर. सिलिंडरला अक्ष असतो, तो अंशात मोजतात. फ्रेम तिरकी बसून अक्ष दहा अंशाने फिरला तर सिलिंडरचा साधारण तिसरा हिस्सा वाया जातो, तीस अंश फिरला तर त्या सिलिंडरचा उपयोग शून्य. तुमच्या १.२५ ला दहा अंशात ०.४० नंबरच्या वर धूसरपणा येतो, आणि तो रात्री समोरच्या लाइटला लांब तारा फुटल्यासारखा दिसतो. बरेच जण माझ्याकडं "नंबर वाढलाय" म्हणून येतात, मी तपासतो तर नंबर तोच असतो, चष्मा टेबलावर ठेवला की एक काडी वर राहते. काड्या सरळ करून दिल्या की झालं. तुम्ही पण दर पंधरा दिवसाला चष्मा सपाट टेबलावर उलटा ठेवून बघत जा, दोन्ही बाजू सारख्या टेकल्या पाहिजेत.

म्हणून फ्रेम कशी, तर काड्या पातळ आणि सरळ, कानामागं एकदम गोल वळणाऱ्या नकोत, त्या हेल्मेटमध्ये सरकवताच येत नाहीत. रुंद काडीची जाड फ्रेम फॅशनला छान दिसते पण डावी-उजवीकडची नजर अडवते, मागून ओव्हरटेक करणारा बाजूला आला की डोळ्याच्या कोपऱ्यात दिसतो आणि तिथंच काडी येते. मटेरियल टीआर-९० घ्या, तो एक प्रकारचा नायलॉन असतो, वाकवला तर परत जागेवर येतो, वजनाला हलका. फुल रिम पाहिजे, म्हणजे काचेच्या सगळ्या बाजूनं कड. रिमलेस आणि खाली नायलॉनचा दोरा असलेली अर्ध्या कडेची फ्रेम गाडीसाठी नको. धातूच्या फ्रेमचे नाकावरचे छोटे पॅड पडल्यावर नाकात रुततात, मी तसले टाके पडलेले चेहरे बघितलेत. आणि काचेचा आकार फार लहान नको, पण मायनस साडेचारला फार मोठा पण नको, कड जाड होते. काडीच्या आतल्या बाजूला ५२-१८-१४० असे आकडे असतात, त्यातला पहिला काचेची रुंदी, दुसरा नाकावरचा पूल, तिसरा काडीची लांबी, सगळं मिलीमीटरमध्ये. तुमच्या चेहऱ्याला ५० ते ५४ च्या आसपास बघा.

आता ऊन. मुरूडहून लातूर पूर्वेला, म्हणजे सकाळी सूर्य समोर, आणि संध्याकाळी परतताना पश्चिमेला, परत समोर. तुम्ही लिहिलंय की "काहीच दिसंना असं व्हायलंय", आणि त्यावर काळा गॉगल हा उपाय तुम्हाला वाटतोय. पण डोळ्यावर सूर्य आला की जे पांढरं पांढरं होतं त्यात उजेड जास्त असणं हे अर्धंच कारण आहे, बाकीचं अर्धं म्हणजे व्हायझरवरचे आणि चष्म्यावरचे ओरखडे. कोवळं ऊन तिरकं पडलं की प्रत्येक ओरखडा चमकतो आणि समोर दुधाचा पडदा येतो. त्यात काळी काच लावली तर पडदा पण काळा होतो आणि रस्ता पण काळा होतो, फायदा काही नाही. आधी नवीन व्हायझर टाका. रात्री घरातल्या एका बल्बकडं व्हायझरमधून बघा, बल्बभोवती गोल गोल रेषांचं जाळं दिसलं तर तो व्हायझर संपलेला आहे.

त्यानंतर काळेपणा. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे आतून खाली येणारी काळी काच असलेलं हेल्मेट, बाजूला छोटी खुंटी असते, ती ओढली की काळी काच चष्म्यासमोर येते, ढग आले, झाडाखाली आलात, बोगदा आला, वर सारली की पांढरी. नंबरवाल्यासाठी यासारखं दुसरं नाही, कारण चष्मा बदलावा लागत नाही. घेताना चष्मा लावून ती काच पूर्ण खाली ओढून बघा, काही हेल्मेटमध्ये ती चष्म्याच्या वरच्या कडेला आपटते.

उन्हात आपोआप काळा होणारा फोटोक्रोमिक चष्मा घेऊ का असं दर उन्हाळ्यात लोक विचारतात. चालताना, शेतात उभं राहताना चांगला, हेल्मेटमध्ये नाही. तो यूव्ही किरणांनी काळा होतो आणि व्हायझर यूव्ही अडवतो, मग तो व्हायझरच्या आत पांढराच राहतो आणि गिऱ्हाईक म्हणतं काच खराब दिली. दुसरं म्हणजे या काचा थंडीत जास्त काळ्या होतात आणि गरमीत कमी. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये ४२ डिग्रीला त्या पूर्ण काळ्या होतच नाहीत, म्हणजे जेव्हा सगळ्यात जास्त गरज तेव्हाच कमी काम.

पोलराइज्ड काच पण गाडीवाल्याला मी टाळायला सांगतो. ओल्या रस्त्यावरची चमक ती मारते, पण रस्त्यावर सांडलेलं ऑइल आपण त्याच्या चमकेवरूनच ओळखतो ना. शिवाय व्हायझरमधून बघितलं की इंद्रधनुष्यासारखे पट्टे दिसतात आणि नव्या गाड्यांचा डिजिटल मीटर एका कोनात काळा पडतो.

ज्यांना नंबरचा काळा चष्मा वेगळा पाहिजेच त्यांनी रंग करडा किंवा तपकिरी घ्यावा, आणि कॅटेगरी ३ च्या पुढं जाऊ नये. कॅटेगरी ३ मधून ८ ते १८ टक्के उजेड आत येतो. कॅटेगरी ४ मधून ३ ते ८ टक्केच, ती बर्फातल्या डोंगरासाठी असते, गाडी चालवायला चालतच नाही. आणि कानाला गुंडाळल्यासारखा गोल वाकलेला स्पोर्ट्सवाला गॉगल नंबरमध्ये बनवायचा हट्ट धरू नका. तुमच्या नंबरला, त्यातही सिलिंडर असताना, वाकलेल्या काचेत नंबर कडेला बदलतो, लॅबला त्याचा हिशोब करून वेगळा नंबर घासावा लागतो, ज्यांना ते जमत नाही ते सरळ तुमचाच नंबर बसवून देतात आणि मग जमीन वर-खाली दिसते. मायनस दोन-अडीचपर्यंत ठीक, पुढं त्रास.

चष्म्यावरून घालायचा गॉगल, ओटीजी म्हणतात तो, कोणासाठी? ज्यांच्या हेल्मेटला व्हायझरच नाही त्यांच्यासाठी. मळणीवर, कडबा कुटीवर काम करणाऱ्याला पण मी तोच सांगतो, कडेला फोम असलेला, झेड ८७ किंवा ईएन १६६ लिहिलेला. गाडीवर रोज फुल फेस हेल्मेटमध्ये घालायला नको, चष्म्याच्या काड्यांवर गॉगलचा पट्टा, त्यावर हेल्मेट, एवढं सगळं कानशिलावर दाबतं, आणि आपल्या उन्हाळ्यात आत घाम येऊन काच पांढरी होते. तुमच्यासाठी नाही.

वाफेचं सांगतो कारण तुम्ही स्कार्फ बांधता असं लिहिलंय. थंडीत सकाळी चष्मा धुकटतो तो बाहेरच्या थंडीमुळं कमी आणि स्कार्फमुळं जास्त. नाकावर कापड घट्ट गुंडाळलं की श्वास खालून निघत नाही, वरच्या फटीतून सरळ काचेवर जातो. स्कार्फ नाकाच्या खाली, ओठावर ठेवा, नाकपुड्या मोकळ्या. धुळीमुळं नाक झाकायचंच असेल तर नाकावर तार असलेला मास्क लावा आणि तार नाकाला दाबून बसवा, चष्मा मास्कच्या वरच्या कडेवर टेकवा. हनुवटीजवळची हवेची खिडकी उघडी ठेवा. काडी स्कार्फच्या आत, कातड्याला लागून असू द्या, कापडावरून गेली की दर खड्ड्याला चष्मा घसरतो आणि माणूस एका हाताने चष्मा वर सारतो, दुसऱ्या हातात हँडल. घसरायचं थांबत नसेल तर कानामागं लावायचे सिलिकॉनचे छोटे हुक मिळतात, साधी गोष्ट आहे पण चांगलं काम करते.

रात्रीबद्दल कळकळीने सांगतो. डिसेंबरात सहाच्या सुमाराला अंधार पडतो, कारखाने सुरू असतात, बिनलाइटच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. अशा वेळी पिवळ्या काचेचा "नाइट ड्रायव्हिंग" चष्मा घालू नका, कोणी कितीही सांगो. पिवळी काच उजेड कमीच करते, वाढवत नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत सिम्युलेटरवर लोकांना बसवून तपासलं गेलंय, पिवळ्या चष्म्याने रस्त्यावरचा माणूस ओळखायला काहीही मदत झाली नाही. रात्री पांढरी काच, पांढरा व्हायझर, अँटी-रिफ्लेक्शन कोटिंग आणि बरोबर नंबर, एवढंच. आणि नंबर दोन वर्षं झाले तपासला नसेल तर आधी तपासा, पाव-अर्धा नंबर कमी असला तरी दिवसा कळत नाही, रात्री ट्रॉलीचा मागचा भाग उशिरा दिसतो.

चाळिशी लागलेल्यांसाठी मधेच एक गोष्ट. खाली वाचायचा तुकडा असलेला बायफोकल लावून गाडी चालवू नका, चाकासमोरचा खड्डा नेमका त्या तुकड्यातून दिसतो आणि पुसट दिसतो. गाडीसाठी फक्त लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा ठेवा.

कॉन्टॅक्ट लेन्स लावता येतात, पण तुमच्या सिलिंडरला टोरिक लेन्स लागेल, ती जास्त महाग, आणि आपल्या धुळीत, वाऱ्यात डोळा लवकर सुकतो. लावायचीच तर रोजच्या रोज फेकायची लावा, वरून व्हायझर पूर्ण बंद, आणि डोळ्यात कण गेला तर लेन्स आधी काढा. नळाचं किंवा बोअरचं पाणी लेन्सला कधीच लावू नका, त्या पाण्यातल्या सूक्ष्म जीवांनी बुबुळाला वाईट इन्फेक्शन होतं.

आणि हे इन्फेक्शनचं मला जरा थांबून सांगायचंय. दवाखान्यात होतो तेव्हा दर ऑक्टोबरात, सोयाबीनची रास सुरू झाली की असे पेशंट यायचेच. एक बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा अजून डोळ्यासमोर आहे. राशीवरून घरी येताना गाडीवर डोळ्यात भुसकट गेलं, चोळलं, रात्री दुखायला लागलं, गावातल्या मेडिकलवरून थेंब आणले. "सर, दोन दिस बरं वाटलं, मंग खुपायलंय लई," म्हणत होता. थेंबांची बाटली खिशातून काढून दिली, त्यात स्टेरॉइड होतं. बुबुळावर मधोमध पांढरा ठिपका, कापसाच्या बारीक बोंडासारखा, कडा पिसासारख्या. बुरशीचं इन्फेक्शन. काडी-कचरा, पाचट, भुसा हे सगळं झाडाचं असतं आणि त्याच्यासोबत बुरशी डोळ्यात जाते, स्टेरॉइडने लाली आणि दुखणं तात्पुरतं कमी होतं पण बुरशी आत फोफावते. त्या पोराचा डोळा वाचला, नजर गेली, बोटं मोजण्यापुरती राहिली.

म्हणून रस्त्यात डोळ्यात काही गेलं तर गाडी बाजूला घ्या, चोळू नका, बाटलीतल्या स्वच्छ पिण्याच्या पाण्याने डोळा उघडा ठेवून धुवा, पापणी उघडझाप करा. निघालं तर ठीक. तासा-दोन तासांनी पण खुपत असेल, उजेड सहन होत नसेल, तर त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडं. मेडिकलवरून स्वतःच्या मनाने थेंब घेऊ नका, घरात आधीचे पडलेले तर मुळीच टाकू नका.

साफ करायचं सांगून थांबतो, कारण पॉली काच आणि व्हायझर दोन्ही खराब होतात ते याच कारणाने. गाडी थांबली की शर्टाच्या टोकाने किंवा गमछाने कोरडी काच पुसायची सवय सगळ्यांना आहे. काचेवर रस्त्याची माती असते, माती म्हणजे बारीक वाळूच, कोरडी घासली की पॉलिश पेपर फिरवल्यासारखं. आधी पाण्याखाली धरा, भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब बोटाने फिरवा, परत धुवा, मऊ कापडाने टिपा. बोअरचं पाणी क्षाराचं असेल, आणि आपल्याकडं बहुतेक ठिकाणी असतंच, तर शेवटचं पाणी पिण्याच्या फिल्टरचं घ्या, नाहीतर थेंब वाळले की पांढरे डाग बसतात. व्हायझरवर किडे वाळलेले असतील तर ओलं कापड दहा मिनिटं वर टाकून ठेवा, मग ते आपोआप निघतात, नखाने खरवडू नका. गॅरेजमध्ये पेट्रोलने किंवा थिनरने पुसून देतात ते अजिबात करू देऊ नका, पॉलीकार्बोनेट त्याने आतून तडकतं, वरून दिसत नाही पण ताकद जाते.

तर तुमच्यासाठी: टीआर-९० ची पातळ सरळ काडीची फुल रिम फ्रेम, पॉलीकार्बोनेट काच हार्ड कोट आणि अँटी-रिफ्लेक्शनसकट, आयएसआय मार्कचं फुल फेस हेल्मेट आत काळी काच असलेलं, आणि दर वर्षी नवा व्हायझर. कंपनी यात कुठलीही चालेल, पाकिटावर १.५९ दिसलं पाहिजे. आणि पैसे एकदम जमत नसतील तर आधी व्हायझर बदला, तो सगळ्यात स्वस्त आहे, मग काच, फ्रेम सगळ्यात शेवटी. चष्मा बनवायला जाल तेव्हा हेल्मेट सोबत घेऊन जा, गाडीवरच सोडू नका. चष्मा तयार झाला की दुकानदारासमोर हेल्मेट घालून, काड्या आत सरकवून, मान दोन्हीकडं पूर्ण फिरवून बघा, आणि फ्रेम जिथं दाबते किंवा तिरकी होते तिथं त्याच्याकडून काडी गरम करून वाकवून घ्या. हे काम तिथंच, तुमच्या डोक्यावर हेल्मेट असतानाच करून घ्यायचं असतं.